धार सकाळची का सांजंची

आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही त्या दालनात बसलो, नाहीतर त्या चित्रासमोर मी दोन मिनिटंही थांबले नसते. 2022 चा जून होता, लंडनमध्ये सलग तिसरा पावसाळी दिवस. ट्रफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीला तिकीट नाही, आत ऊब आहे आणि दालनांत मधोमध बसायला बाक आहेत, एवढ्या हिशोबानं मी तिला तिथं नेलं होतं. मरियमच्या कडेवरचा बाळ येशू दिसला की ती प्रत्येक वेळी थांबून हात जोडत होती. डच चित्रांच्या दालनात आल्यावर मात्र ती बाकावर टेकली आणि समोर बघत राहिली. समोर आल्बर्ट कॉइपचं जवळजवळ दोन मीटर रुंदीचं चित्र होतं. कुरणात चार गाई, धार काढणारी बाई, लांब मागं डोर्ड्रेख्ट गावाच्या चर्चचा बसका चौकोनी मनोरा, आणि सगळ्यावर मधासारखा दाट उजेड. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही धार सकाळची हाय का सांजंची गं?" मी फोनमध्ये परतीची बस बघत होते. "चित्र आहे आई, कधीचीही असेल," मी म्हणाले. ती माझ्याकडे वळली नाही. "कधीची बी कशी असंल," ती हळूच म्हणाली. "काढणाऱ्याला ठाऊक असंल की."

काढणाऱ्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे चित्रही काढतात आणि धारही काढतात.

त्या दिवसांत आईचं उजेडाशी भांडण चालू होतं, हे मला नंतर लक्षात आलं. जूनमध्ये लंडनला सूर्य सव्वानऊपर्यंत मावळत नाही. आई सात वाजता हातपाय धुऊन देवापुढं दिवा लावायची आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन असायचं. पहिल्या दिवशी तिनं काडी पेटवली आणि तशीच थांबली. उन्हात ज्योत दिसेना. "ही घड्याळाची सांज," ती म्हणाली आणि शुभंकरोती पुटपुटली. पहाटे चारला उजाडायला लागलं की ती उठून बसायची, कारण चाळीस वर्षं त्याच वेळेला तिला उठायचं होतं. पण उठून करायचं काय, हा प्रश्न होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आमच्या गोठ्यात छातीएवढं पाणी होतं. अण्णांनी रात्रीच दावी कापून म्हशी माळावर नेल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर भिंतींना गाळाची रेघ राहिली, वैरण कुजली, आणि दोघांच्या वयाचा विचार करून म्हशी विकायच्या असं आम्ही भावंडांनी ठरवलं. आम्ही ठरवलं, असंच लिहायला हवं. आईला आम्ही कळवलं.

आमच्या घरी धारेची दोन टोकं होती आणि आईचा दिवस त्या दोन टोकांमध्ये ताणून बांधलेला असायचा. सकाळची धार म्हणजे साडेचार. बाहेर काळोख, गोठ्यात चाळीसचा पिवळा बल्ब, म्हशीच्या अंगाची वाफ, ओल्या वैरणीचा गोडूस वास. आई कासेवर कोमट पाणी मारायची, रेडकाला दोन घोट पिऊ द्यायची, म्हशीनं पान्हा सोडला की रेडकू ओढून बांधायची आणि चरवी गुडघ्यांत धरून बसायची. रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज कडक, धातूचा असतो. चरवी भरत जाते तसा तो जाड आणि मऊ होत जातो. अंथरुणात पडल्या पडल्या त्या आवाजावरून मला कळायचं, दूध किती झालंय आणि आई हाक मारायला किती वेळ उरलाय. सांजेची धार वेगळी. दूध संस्थेचं माप बंद व्हायच्या आत पोचायची घाई, दिवसभराच्या उन्हानं चिडलेल्या म्हशी, गोमाश्या, तोंडावर बसणारा शेपटीचा फटका. पावसाळा सरल्यावर त्या वेळचं ऊन पश्चिमेच्या दारातून आडवं आत यायचं, आणि धुळीचे कण, वैरणीचा भुसा, आईच्या कपाळावर सुटलेली बट, सगळं क्षणभर सोन्याचं करून टाकायचं. मी उंबऱ्यावर बसून गृहपाठ करायची. मला ते ऊन दिसायचं. तिच्या ते डोळ्यांवर यायचं. ती पदर पुढं ओढून घ्यायची.

म्हणून तिचा प्रश्न साधा नव्हता, आणि माझं उत्तर तर अगदीच उथळ होतं. ती परत गेल्यावर त्या प्रश्नाच्या खुंटीपाशी मी पुन्हा पुन्हा येत राहिले. गॅलरीत पुढं तीनचार वेळा एकटीच जाऊन त्या चित्रासमोर बसले. कॉइपबद्दल मिळेल ते वाचलं.

हा माणूस 1620 साली डोर्ड्रेख्टमध्ये जन्मला आणि 1691 साली डोर्ड्रेख्टमध्येच गेला. बाप याकोब हाही चित्रकार, गावातल्या बड्या लोकांची व्यक्तिचित्रं करणारा. आल्बर्टची सुरुवातीची निसर्गचित्रं यान फान खोयन या चित्रकाराच्या वळणाची आहेत: भुरकट, पिवळसर, मातीचे आणि ढगांचे रंग, सगळीकडे ओल. मग 1640 च्या दशकात काहीतरी बदललं. उट्रेख्टचा यान बोथ नावाचा चित्रकार रोमहून परतला होता आणि येताना तिकडचं ऊन घेऊन आला होता. क्षितिजालगत उतरलेला सूर्य, लांब सावल्या, झाडांच्या कडांना लागलेली सोनेरी किनार. कॉइपनं ते पाहिलं आणि आपल्या गावच्या गाईंवर ओतलं. तो स्वतः कधी इटलीला गेला नाही. दुसऱ्याच्या चित्रात पाहिलेलं परक्या देशाचं ऊन त्यानं मास नदीच्या काठावर आणलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढच्या तीनशे वर्षांत लोकांना तेच हॉलंडचं खरं ऊन वाटायला लागलं. हे वाचलं तेव्हा मी जरा अस्वस्थ झाले. गावाच्या माझ्या आठवणींत जो सोनेरी रंग आहे, तो तरी कृष्णाकाठचा किती आणि मागून चढवलेला किती? परदेशात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या आठवणीत बारा महिने संध्याकाळच असते. साडेचारचा तो चाळीसचा बल्ब मी सहसा आठवत नाही.

कॉइप बहुतेक वेळा सूर्याकडे तोंड करून चित्र लावतो. उजेड चित्राच्या आतून आपल्याकडे येतो, म्हणजे गाई आपल्याला त्यांच्या सावलीच्या बाजूनं दिसतात आणि त्यांच्या पाठीच्या कण्यावर तेवढी एक चकाकती रेघ उमटते. त्या रेघेसाठी मी कितीही वेळ बसू शकते. पण आईचा प्रश्न डोक्यात घेऊन बसलं की हे ऊन धार काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर येत असणार, हेही दिसायला लागतं. वॉशिंग्टनमध्ये कॉइपचं मासवरच्या गलबतांचं एक भव्य चित्र आहे. त्यातला उजेड सकाळचा मानतात. बाकी कितीतरी चित्रांच्या बाबतीत जाणकार 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' असं लिहितात ते मला तरी निव्वळ त्या चित्रातल्या शांततेवरून लिहिल्यासारखं वाटतं. शांततेवरून वेळ कशी ठरवायची? गोठ्यात सकाळीही शांतता असते. ती थंडीची असते.

त्या उजेडाला जागाही तशीच मिळाली होती. हॉलंड म्हणजे ताटासारखा सपाट, समुद्राला टेकलेला, निम्मा पाण्यानं बनलेला मुलूख. नद्या, कालवे, चर, डबकी; वरून येणारं ऊन खालूनही परत वर जातं आणि हवेतल्या बाष्पात पसरतं. सावल्या काळ्या होत नाहीत, रुपेरी होतात. क्षितिज इतकं खाली, की चित्राचा दोन तृतीयांश भाग आभाळानं भरावाच लागतो. योसेफ बॉइस नावाचा जर्मन कलावंत म्हणायचा की झाउडरझे या आतल्या समुद्राला बांध घालून त्यातून जमीन काढली, तेव्हा पाण्याचा आरसा लहान झाला आणि हॉलंडचा तो उजेडच विझला. हे मोजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि मला ते पटतही नाही. पण उजेड जमिनीवर अवलंबून असतो ही गोष्ट मात्र मला शेतकऱ्याघरची म्हणून आतून पटते. आमच्याकडेही ऊस तुटून गेला की त्याच रानात दुसराच उजेड येतो.

आणि ती जमीन तरी काय होती. 1421 च्या नोव्हेंबरात, सेंट एलिझाबेथच्या सणाच्या रात्री, समुद्राच्या वादळानं डोर्ड्रेख्टभोवतीचे बांध फोडले. गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि डोर्ड्रेख्ट बेट होऊन राहिलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये त्या पुराची जुनी लाकडी फळ्यांवरची चित्रं आहेत. घटना घडून सत्तरेक वर्षांनी काढलेली. पाण्यात बुडालेली चर्चं, होड्यांत कोंबलेलं घरसामान, पोरं कडेवर घेऊन शहराच्या वेशीकडे निघालेली माणसं. मी त्या फळ्यांसमोर उभी राहिले तेव्हा मला कुठलंही पंधरावं शतक दिसलं नाही. मला सांगलीचा पूल दिसला, आणि अंधारात विळ्यानं दावं कापणारे अण्णा. कॉइपच्या गाई निवांत रवंथ करत बसलेल्या आहेत ती जमीन पाण्यानं गिळलेली आणि मग पिढ्यान् पिढ्या बांध घालून, चर खणून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून थोडी थोडी परत मिळवलेली आहे. हे माहीत झालं की त्या बसलेल्या गाईंकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. कोरड्या जमिनीवर जनावर पाय दुमडून बसलंय, हीच मुळात मोठी गोष्ट आहे. चित्र विकत घेणाऱ्या डोर्ड्रेख्टकराला ती सांगावी लागत नसेल.

विकत घेणाऱ्यांचा विचार आला की मला पीटर मंडी आठवतो. हा इंग्रज व्यापारी 1630 च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघाला, तो नेमका महादुष्काळातून. गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळत होते. रस्त्याकडेला पडलेली प्रेतं आणि धान्यासाठी चाललेली माणसांची तडफड त्यानं वहीत लिहून ठेवली आहे. तोच मंडी दहा वर्षांनी, 1640 मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला गेला आणि तिथं त्यानं नवलानं लिहिलं की इथले खाटीक आणि पाववालेसुद्धा दुकानांत चित्रं लावतात, लोहाराच्या भट्टीशेजारीही एखादं टांगलेलं असतं. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी हे दोन्ही पाहिलं. दख्खनमध्ये गुरं चाऱ्यावाचून मरून पडली होती त्याच दशकात तिकडे भिंतीवर टांगायला धष्टपुष्ट गाय रंगवली जात होती. मी यातून काही निष्कर्ष काढू शकत नाही. हॉलंडच्या त्या लोहारानं दख्खनचं काही हिरावलं होतं असंही नाही. पण भरल्या कासेची गाय भिंतीवर बघणं म्हणजे काय, हे आईला त्या लोहाराइतकंच कळलं असतं, एवढं मला वाटतं.

2023 च्या जूनमध्ये कामासाठी मला नेदरलँड्सला जावं लागलं आणि पुढं दोन दिवस मी रजा टाकली. पहिला दिवस द हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये गेला. तिथं पाउलस पॉटरचा तो प्रसिद्ध बैल आहे. 1647 साली पॉटरनं तो रंगवला तेव्हा त्याचं वय बावीसच्या आतबाहेर होतं; अठ्ठावीस पुरं झाल्यावर काही महिन्यांतच क्षयानं गेला. चित्र साडेतीन मीटरच्या घरात रुंद आहे, म्हणजे बैल खऱ्याएवढाच. एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजे, देव आणि लढाया यांच्या वाट्याला यायचा. पॉटरनं तो एका खोंडाला दिला. शेजारी बसलेली गाय, तिच्या ओल्या नाकपुड्या, मेंढ्या, झाडामागं कुंपणापाशी उभा शेतकरी, खाली बेडूक, शेणाचा पो, आणि बैलाच्या पाठीवर माश्या. माश्या बघून मी भर संग्रहालयात आईला व्हिडिओ कॉल लावला. आवाज बंद ठेवून नुसतं दाखवलं. तिनं चष्मा शोधून येईपर्यंत दोन मिनिटं गेली. मग तिचा मेसेज आला, माझ्या भाच्यानं टाइप केलेला: "पुढून मोठा बैल आहे आणि मागून लहान आहे, आजी म्हणते." पुस्तकांत हे लिहिलेलं असतं. पॉटरनं वेगवेगळ्या वयांच्या बैलांचे अभ्यास करून त्यांतून हा एक जोडला, त्यामुळे त्याचा सगळा देह एका वयाचा नाही. आईनं ते पाच इंचांच्या पडद्यावर ओळखलं, गावच्या बाजारात जनावर पारखण्याच्या सवयीनं.

त्याच संग्रहालयात याकोब फान रॉइसडालचं एक लहान चित्र आहे, हारलेम गावाचा देखावा. माणसं बैलासमोर गर्दी करतात म्हणून मला ते मोकळं मिळालं. खाली पातळ पट्टीत गाव, मधोमध सेंट बाव्होचं मोठं चर्च, आणि वर आभाळ, आभाळ, आभाळ. ढगांतून ऊन फटीफटीनं गळतंय आणि एक कवडसा नेमका पुढच्या मैदानावर पडलाय. त्या मैदानावर पांढऱ्या लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या आहेत. ते लिननचं कापड आहे, जवसाच्या धाग्यांचं. हारलेमचा हा मोठा धंदा. लांबून कोरं, मातकट कापड यायचं. ते राखेच्या खाराच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजत ठेवायचं आणि मग महिनोन् महिने गवतावर पसरून, पाणी शिंपडत, उन्हात पांढरं करायचं. ताक! मी ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठले होते. म्हणजे कॉइप आणि पॉटरच्या गाईंचं दूध, त्याचं लोणी निघाल्यावर उरलेलं ताक, ते ताक प्यालेलं कापड, आणि त्या कापडावर काम करणारं ऊन. रॉइसडालचा कवडसा तिथं शोभेला पडलेला नाही. तो मजुरीला आलाय. मैदानावर मुंगीएवढी बायामाणसं वाकून कापड ओढतायत, आणि ढग मध्ये आला की त्यांचं काम थांबत असणार. मला कुरडया वाळत घालणारी आई आठवली, गच्चीवर एक डोळा आभाळाकडे ठेवून. त्या दिवशी मी पहिल्यांदा उजेडाकडे तिच्या बाजूनं पाहिलं असं म्हणता येईल. चार पावलं मागं सरकून पुन्हा नुसतं सुंदर म्हणूनही पाहिलं, आणि तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोर्ड्रेख्ट. आदल्या रात्री हॉटेलात वाचताना मला आईच्या प्रश्नाचा एक धागा हाती लागला होता. हॉलंडमध्ये त्या काळी उन्हाळाभर गाई गोठ्यात येतच नसत. वसंतात एकदा कुरणात सोडल्या की थंडी पडेपर्यंत रात्रंदिवस तिथंच. धार काढायला बायाच घागरी आणि बादल्या घेऊन, खांद्यावर जू टाकून, दिवसातून दोनदा कुरणात जात; जिथं वाट नाही तिथं होडीतून. म्हणजे चित्रातली गुरं रानात निघालेली नाहीत आणि घरी परतलेलीही नाहीत. गोरज नावाची वेळच तिथं नाही. आपल्याकडे गुरांच्या पायांच्या धुळीनं सांज ओळखता येते, कॉइपच्या हवेत ती धूळ नाही, बाष्प आहे. आईचा प्रश्न चित्राबाहेरून सुटणारा नव्हता, कारण तिकडे सकाळ आणि सांज दोन्ही एकाच गवतावर उतरत होत्या.

गावात फिरताना कॉइपच्या उत्तरायुष्याचा विचार येत राहिला. 1658 साली त्यानं कोर्नेलिया बोश्मान या श्रीमंत विधवेशी लग्न केलं, चर्चच्या कारभारात पडला, आणि त्यानंतर चित्रं जवळजवळ थांबली. पुढं शंभरेक वर्षांनी इंग्रज उमरावांना त्याच्या उन्हाचं वेड लागलं आणि उत्तम चित्रं एकेक करून तिकडच्या हवेल्यांत गेली. म्हणूनच मला ती लंडनला भेटली. मनोरा मात्र जागेवर आहे, तसाच बसका, अर्ध्यावर थांबलेला, थोडा कललेला. दुपारी सायकल घेऊन मी नदीपलीकडे आल्ब्लासरवार्डच्या कुरणांत गेले. बांधावरून रस्ता जातो. एका अंगाला नदी वर, दुसऱ्या अंगाला गवत खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली. काही घरांसमोर अजून उलटे टांगलेले ध्वज होते, उन्हानं विटलेले. आदल्या उन्हाळ्यात सरकारनं नायट्रोजन कमी करायचं ठरवलं, त्यासाठी गुरं कमी करावी लागणार होती, म्हणून शेतकऱ्यांनी देशभर ट्रॅक्टर रस्त्यावर आणले आणि झेंडे उलटे लावले, त्याच्या त्या खुणा. गाय जास्त झाली की तिच्या मुतशेणाचा वायू दलदलीच्या रानफुलांना मारतो, हे खरं आहे. तीस पिढ्या पाणी उपसून राखलेल्या रानातून गोठा उठवायला सांगितलं की माणसाच्या पोटात काय तुटतं, हेही खरं आहे. एका फाटकावर म्हातारा शेतकरी उभा होता. मी थांबले, त्यानं मान हलवली, मीही हलवली. माझ्याकडे त्याच्या भाषेतला एकही उपयोगी शब्द नव्हता.

त्याच्या मागच्या शेडमध्ये धार काढणारं यंत्र होतं. 1992 पासून ही यंत्रं डच गोठ्यांत आहेत. गाय स्वतःच्या मर्जीनं आत जाते, यांत्रिक हात कास धुतो, सड शोधतो, दूध काढतो. रात्री दोनला गेली तरी चालतं. तिथं आता सकाळची आणि सांजेची अशी धारच उरलेली नाही. गाई बाहेर चरायला सोडल्या तर दुधाला थोडा जास्त भाव मिळतो. वर्षातले किमान 120 दिवस, दिवसाला किमान सहा तास असा त्याचा हिशोब आहे. म्हणजे कुरणात गाय दिसणं याचीही आता वेगळी किंमत मोजली जाते. मला वाईट वाटलं का? आईच्या सुजलेल्या बोटांची पेरं आठवली आणि त्या यंत्राला मी मनातल्या मनात हात जोडले. मग पलीकडच्या गोठ्यातून भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज येतो का, म्हणून कान देऊन उभी राहिले. नुसता पंपाचा सूर येत होता.

पुढच्या एका कुरणात सातआठ गाई होत्या, काळ्यापांढऱ्या. आईला लंडनहून बाथला जाताना रेल्वेच्या खिडकीतून अशाच दिसल्या होत्या आणि ती एकदम हरखून म्हणाली होती, "अगं, ह्या आपल्या एचएफ!" आमच्या भागात दुधाच्या धंद्यासाठी एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन गाई, घरोघर आल्या, तेव्हापासून त्या आपल्याच झाल्या. एचएफमधला एफ म्हणजे फ्रीजियन, फ्रीजलंडची, आणि ते फ्रीजलंड इथंच वर, उत्तरेला आहे, हे मी तिला तेव्हा सांगितलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते आणि सूर्य अजून वीतभर वर होता. माझी सावली बांधावरून उतरून थेट चरापर्यंत गेली होती. गाईंच्या पाठींवर ती रेघ होती, कॉइपची. मी फोटो काढला आणि आईला पाठवला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता.

सकाळी जाग आली तेव्हा तिचा आवाजी निरोप येऊन पडला होता. मागं कोंबडा ओरडत होता आणि अण्णा कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. "फोटू बघितला. लई झ्याक हाय," आई म्हणत होती. "उनाच्या सावल्या लांब पडल्यात. पर गाई अजून बाहीरच दिसत्यात. त्यांची धार झाली का गं?"

मी पडद्यावर दोन बोटं ठेवून फोटो मोठा केला. पाठीवरची सोनेरी रेघ वर सरकून चौकटीबाहेर गेली. डावीकडच्या गाईची कास सावलीत होती, म्हणून उजेड वाढवला. कास भरलेली होती, चारी सड ताठ, कातडी ताणून गुलाबी झालेली. उजवीकडची बसलेली होती, तिचं कळत नव्हतं. तिसरीचं कळत होतं.

"नाही आई," मी लिहिलं. "व्हायची होती."